विष घालताना हसायचं नाही

"काकू, दिग्दर्शक म्हणतायत, विष घालताना हसायचं नाही," कानाए म्हणाली.

"मी कुठं हसतेय? माझा चेहराच तसा आहे."

कानाएनं ते जपानीत सांगितलं. कॅमेऱ्याशेजारी घडीच्या खुर्चीवर बसलेले मोरिशिता माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. सत्तरीचा, काटकुळा, मोजकं बोलणारा माणूस. मग ते दोन-तीन वाक्यं बोलले.

"ते म्हणतात, चेहऱ्याबद्दल तक्रार नाही. चेहऱ्यासाठीच तुम्हाला घेतलंय. पण आत्ता तुम्हाला मजा येतेय, ती दिसतेय."

चोरी पकडली गेली. मजा येत होतीच. साठी उलटल्यावर, सांगलीच्या शरयू माईणकरला टोकियोतल्या स्टुडिओत उभं करून, एका जपानी घरमालकाच्या चहात विष कालवायला सांगितलं होतं आणि आजूबाजूची पन्नास माणसं श्वास रोखून तिच्याकडे बघत होती. एवढं सुख किती बायकांच्या वाट्याला येतं?

विष म्हणजे पिठीसाखर होती. ती ज्या पितळी डबीत भरली होती ती मात्र माझीच, वेलदोड्याची पूड ठेवायला सांगलीहून आणलेली. सेटवर दिलेली काचेची बाटली हातात घेतल्यावर मला आपण दवाखान्यात आल्यासारखं वाटलं, म्हणून मी पर्समधून डबी काढून दाखवली. मोरिशितांनी ती उघडून हुंगली आणि मान डोलावली.

दुसऱ्या वेळी मी हसले नाही. डबीतून चिमूट उचलली, कपात सोडली, चमच्यानं सावकाश ढवळलं आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्या नटाकडे, आता तूच का तो, अशा नजरेनं बघत कप पुढे केला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला. मोरिशिता "कट" म्हणायचं विसरले, असं कानाए नंतर म्हणाली.

मी टोकियोला गेले होते ती मुलीच्या, श्यामलीच्या बाळंतपणाला. तिचं बिऱ्हाड निशी-कासाईला. तिथे आपली माणसं इतकी, की भाजीवाल्याकडे कढीपत्त्यावरून भांडता येतं. दुपारी बाळाला बाबागाडीत घालून मी बागेत नेत असे. तिथेच एक जपानी मुलगी समोर येऊन उभी राहिली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "काकू, जरा वेळ आहे का? नसला तरी ऐकून घ्या."

ही कानाए. तिचे वडील चाकणच्या एका कारखान्यात होते, त्यामुळे तिचं शाळा-कॉलेज पुण्यात झालं होतं. ते तिच्या बोलण्यावरून ओळखू आलंच. मोरिशितांची ती सहायक होती आणि त्यांना एक भारतीय आजी हवी होती. पाहुणीच्या व्हिसावर मला पगार देता येणार नव्हता. वकिलाला विचारून त्यांनी मला टॉवेल द्यायचं ठरवलं. तिकडे हौशी लोकांना आठवण म्हणून तसं काहीतरी देतात. टॉवेलवर काम करायलाही मी एका पायावर तयार होते.

कारण मला भूमिका कळली होती.

टेलिफोन खात्याच्या नाटकांत मी नोकरीभर कामं केली आणि नोकरीभर आईच झाले. दारुड्या मुलाची आई, सासरी गांजलेल्या मुलीची आई, जवानाची आई. माझं लग्न व्हायच्या आधीच रंगमंचावर माझी तीन मुलं वाया गेली होती. एकदा हट्टानं खलनायिका मागितली, तर आमचे नाटक बसवणारे करमरकर म्हणाले, "बाई, तुम्ही विषाचा पेला घेऊन आलात तरी लोक म्हणतील दूध आणलं." सगळे हसले, मीही हसले. ते वाक्य मात्र मनात सलत राहिलं.

मोरिशितांच्या सिनेमात एक जुनी इमारत होती. भाडेकरू सगळे बाहेरदेशचे: नेपाळी आचारी, ब्राझिलचा मेकॅनिक, व्हिएतनामची विद्यार्थिनी आणि एक भारतीय सून नि सासू, म्हणजे ती आजी. सायकली ठेवतात म्हणून घरमालकानं मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप घातलेलं. इमारतीला आग लागते आणि त्या कुलपापाशी सासूचा मुलगा गुदमरून मरतो. मग काही महिन्यांनी घरमालक मरतो. पोलीस आचाऱ्याला धरतात, मेकॅनिकला धरतात, मुलीला रडवतात. आजी दर वेळी दारात उभी राहून त्यांना लाडू देते आणि ते वाकून घेतात. खून तिनं केलेला असतो. रोज चहात चिमूटभर.

शेवटच्या प्रसंगात हवालदार तिला एकच प्रश्न विचारतो: आम्ही इतके दिवस येतोय, तुम्हाला कुणीच काही कसं विचारलं नाही? यावर आजी पानभर बोलते. मराठीत! मोरिशितांचं म्हणणं असं, की तिला जपानी येत नाही तर तिनं आपल्या भाषेत बोलावं, आणि ते पान मीच लिहावं.

मी ते लिहिलं आणि बाळाला तेल लावताना पाठ केलं. "मला कोण विचारणार? मी दारात उभी असते, हातात ताट असतं. ताट धरलेल्या बाईचे हात कुणी बघत नाही." बाळ टुकूटुकू बघत ऐकायचं. श्यामली आतून ओरडायची, "आई, त्याला झोपव की, खून काय करतेस!"

त्या एका पानासाठी मी काय वाटेल ते केलं असतं. तीन मिनिटं, मी आणि कॅमेरा.

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. माझ्या बाबतीत मंडळानं नेलं.

बारशाला तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष हळबे आले होते. तिकडे वीस वर्षं काढलेला, टापटीप, नेहमी ब्लेझर घालणारा माणूस. माझ्या हातची बासुंदी खात त्यांनी विचारलं, "काकू, सिनेमात आहात म्हणे! काय रोल?"

"खुनी," मी म्हणाले.

पाळण्यापाशी 'कुणी गोविंद घ्या' चाललं होतं, ते थांबलं.

"म्हणजे?"

"घरमालकाला मारते."

हळब्यांनी वाटी खाली ठेवली. "काकू, तुम्ही? हातात सुरा वगैरे?"

सुरा नाही हो, चहा, असं मी सांगणार होते. पण तेवढ्यात श्यामलीच्या नवऱ्याचा, हृषीकेशचा चेहरा पडलेला दिसला. त्यांचे घरमालक ओनोदेरा खालच्याच मजल्यावर राहत. फोडणीचा वास येतो आणि बाळ रडतं, हे त्यांनी अतिशय गोड शब्दांत दोनदा सांगितलं होतं. घराचा करार संपत आला होता आणि वाढवून देण्याबद्दल ओनोदेरा नुसते "बघू" म्हणत होते.

"तुम्हाला माहीत नाही काकू," हळबे म्हणाले आणि त्यांचा आवाज जरा बदलला. "मी इथे नवीन आलो तेव्हा बायको पोटुशी होती. दारोदार फिरलो. परदेशी म्हटल्यावर वाकून, हसून दार लावून घ्यायचे. इतकी वर्षं घासली तेव्हा कुठे आपली जरा इमेज झालीय. आता परदेशी भाडेकरूनं घरमालक मारला, हे पडद्यावर आलं की संपलं. कोण घर देईल या पोरांना?"

"अहो, यांच्या सिनेमात दर खेपेला जपानी माणूसच खून करतो. त्यांची नाही होत ती इमेज खराब?"

"ते शंभर खून करतील, त्यांचे चांगले लोकही शंभर दिसतात. आपला एकच माणूस दिसणार, तोही खुनी!"

माणूस अगदीच चुकीचं बोलत नव्हता, हेच माझं दुखणं. सरळ मूर्ख असता तर मी त्याला बासुंदीच्या पातेल्यासकट परतवला असता.

"आई," रात्री श्यामली म्हणाली, "तू कर सिनेमा. पण करार होईपर्यंत ओनोदेरांना कळू नये एवढं बघ." पोरगी बिचारी बाळंतीण, घर जायची भीती, आणि तरी मला कर म्हणत होती. मला भरून आलं. सोडावा का सिनेमा, असंही एकदा वाटून गेलं. पण सकाळी स्टुडिओची गाडी आली आणि मी जाऊन बसले.

आठवड्याभरात हळबे मंडळाचे दोन पदाधिकारी घेऊन स्टुडिओत हजर झाले. निर्मात्यानं मलाही बोलावून घेतलं. लांबट टेबल, प्रत्येकापुढे गार हिरवा चहा, एका टोकाला डोळे मिटून बसलेले मोरिशिता. हळबे भांडायच्या तयारीनं आले होते. निर्मात्यानं भांडायला जागाच ठेवली नाही. तो उठला, कमरेत पुरता वाकला आणि तसाच राहून काहीतरी म्हणाला.

"ते म्हणतात, आमच्याकडून असंवेदनशीलपणा झाला," कानाएनं मला हळूच सांगितलं. "भारतीय समाजाचं योग्य दर्शन कसं घडेल, ते आपणच सांगावं."

हळबे नुसतं खून काढा म्हणून सांगायला आले होते. पण आपल्या माणसाला सूचना विचारल्या की त्या सुचायला लागतात. आधी ते म्हणाले, आजी अशिक्षित वाटू नये. मग खजिनदार म्हणाले, इमारत फार कळकट आहे, आपली माणसं अशा इमारतीत राहत नाहीत. मग आजी सकाळी योगासनं करेल तर बरं. आणि मुलगा मेलेला कशाला? मुलगा इंजिनियर असावा. आगीत गेलेला माझा मुलगा हळब्यांनी पाच मिनिटांत जिवंत केला आणि त्याला नोकरीही लावली.

"अहो, मुलगा जिवंत, नोकरीला, घर ऐसपैस," मी न राहवून म्हणाले, "मग मी कुणाला मारू आणि कशासाठी?"

"तेच तर काकू! कारणच उरत नाही," हळबे खुशीनं म्हणाले.

"मला काय हवंय ते कुणी विचारणार आहे का?"

"हे सगळं तुमच्याचसाठी चाललंय काकू," ते म्हणाले आणि निर्मात्याकडे वळले.

मोरिशितांनी तेव्हा एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि परत मिटला. मला वाटलं होतं, हा माणूस टेबलावर मूठ आपटेल. आमचे करमरकर असते तर त्यांनी एव्हाना नाटकाची संहिताच फाडून पाहुण्यांच्या अंगावर फेकली असती. मोरिशिता झोपल्यासारखे बसून राहिले आणि मला त्यांचा संताप आला.

मग, आतापर्यंतचं काय ठेवायचं ते बघून सांगा, म्हणून निर्मात्यानं पाहुण्यांना चित्रित झालेले तुकडे छोट्या पडद्यावर दाखवले. आवाज नव्हता. पोलिसांचे प्रसंग पाहुण्यांनी बाद केले, लाडवाचेही केले. त्यानंतर माझा चहा आला. डबी, चिमूट, चमचा, माझी नजर, पुढे केलेला कप.

"हे काय?" हळब्यांनी विचारलं.

निर्माता अवघडून मोरिशितांकडे बघायला लागला. मोरिशिता डोळे न उघडता एक शब्द बोलले.

"चहा," कानाएनं सांगितलं.

"वा!" हळबे खुर्चीत पुढे सरकले. "हे ठेवा. हे नक्की ठेवा! बघा काकूंच्या डोळ्यांत काय माया आहे. आपलं आदरातिथ्य म्हणतात ते हेच. आणि जमलं तर थोडं लांबवा."

निर्मात्याला ठाऊक होतं तो चहा कसला ते. पण आलेल्या पाहुण्याला तोंडावर 'तुम्ही चुकताय' म्हणायचं नाही, असा तिकडचा शिष्टाचार. तो घाम पुसत "हाय, हाय", म्हणजे हो हो, म्हणत राहिला आणि एकेका होकाराला वाकत राहिला.

मी सांगू शकले असते. पण सांगणार कुठल्या तोंडानं? इतक्या जीव तोडून केलेल्या खुनात माणसाला माया दिसली होती! सांगली सोडून मी एवढी लांब आले आणि करमरकरांचं वाक्य माझ्याआधी तिथे येऊन बसलेलं. विषाचा पेला आणला तरी लोक म्हणणार, दूध. त्या दिवशी परत येताना मी गाडीत डोळ्यांना पदर लावला.

पुढचं तिच्याकडून कळत गेलं. भारतीयांचं ऐकलं म्हटल्यावर नेपाळी लोकांची संघटना आली: आमचा आचारी संशयितसुद्धा नको. मग ब्राझिलवाले आले, मग व्हिएतनामचे विद्यार्थी. निर्माता प्रत्येकापुढे वाकला. आचारी दानशूर झाला, मेकॅनिक फुकटात सायकली दुरुस्त करायला लागला, विद्यार्थिनी शिष्यवृत्ती मिळवून डॉक्टर व्हायला निघाली.

"आता त्या इमारतीत इतकी चांगली माणसं राहतात," कानाए म्हणाली, "की पोलिसांना तिकडे जायचं कारणच नाही. खून दुसऱ्या गावी नेलाय. तो एक जपानी बँक मॅनेजर करतो."

"आणि माझं पान?"

ती म्हणाली, "उद्या तुम्हाला बोलावलंय."

दुसऱ्या दिवशी मी पानासकट गेले. म्हटलं, मोरिशितांना म्हणून तर दाखवू, ऐकल्यावर माणसाचं मन बदलतं. सेटवर पोचले तर सगळे कामगार, दिवेवाले, रंगभूषेच्या मुली अर्धवर्तुळ करून उभ्या. कुणीतरी मोठ्यानं माझं नाव घेतलं, "माइनुकारु-सान," टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मोरिशितांनी स्वतः पुढे होऊन माझ्या हातात हा एवढा पुष्पगुच्छ ठेवला. वर घडी घातलेला निळा टॉवेल.

मी हरखून गेले. आपल्याकडे गुच्छ आणि वस्त्र दिलं म्हणजे सत्कार. आणि सत्कार झाला की सत्कारमूर्तीनं बोलायचं असतं. मी घसा साफ केला आणि बोलले. आभार मानले, सांगलीच्या रंगभूमीची परंपरा सांगितली, मोरिशितांसारखा दिग्दर्शक लाभायला भाग्य लागतं असं म्हणाले. शेवटी म्हणाले, "आजवर झालं ती तालीम समजा. शेवटच्या प्रसंगात मी काय आहे ते तुम्हाला दाखवते!"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हणजे भाषांतर झालंच नव्हतं. कानाए खाली मान घालून उभी होती.

"सांग की गं त्यांना."

"काकू," ती अगदी हळू म्हणाली, "इथे नटाचं काम संपतं त्या दिवशी गुच्छ देतात. तुमचं काम संपलंय."

पन्नास माणसं माझ्याकडे प्रेमानं बघत होती आणि मी तो गुच्छ धरून उभी होते. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. रडू येत होतं, पण रडले असते तर पुन्हा ती सोशिक आईच झाले असते. म्हणून मी ताठ उभी राहिले आणि कानाएला म्हटलं, "आता एक शब्द सांगू नकोस. छान बोलल्या म्हण."

तिनं काय सांगितलं कोण जाणे. मोरिशिता मात्र जवळ आले आणि माझ्या हातातल्या गुच्छाकडे बघत सावकाश बोलले.

"ते म्हणतात, चहाचा शॉट पूर्ण ठेवणार आहेत. पाहुण्यांची तशी इच्छाच आहे. पुढच्या वर्षी तुम्ही येऊन बघावा."

"माया दाखवायला ना? ठेवा म्हणावं," मी म्हणाले आणि निघून आले. पान सुटकेसच्या तळाशी घातलं. ओनोदेरांनी करार एक वर्षासाठी वाढवून दिला, पुढचं बघू म्हणाले, आणि मी सांगलीला परतले.

पुढल्या वर्षी नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला परत गेले, तेव्हा सिनेमा येऊन गेला होता. मंडळानं खास आमच्या लोकांसाठी सार्वजनिक सभागृहात त्याचा खेळ ठेवला होता. हळब्यांचा उत्साह ओसंडत होता. आपली संस्कृती बघायला जपानी शेजाऱ्यांना, घरमालकांना घेऊन या, असं त्यांनी सगळ्यांना कळवलं होतं. पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे म्हणून चक्क ओनोदेरा बसलेले. करार पुन्हा संपत आला होता, त्यामुळे श्यामली आणि हृषीकेश त्यांच्या दोन बाजूंना अवघडून बसले होते. मी मागच्या रांगेत, कानाएच्या शेजारी.

बँक मॅनेजर वगैरे चालू झालं. मधेच हवालदार आपल्या बहिणीला भेटायला एका इमारतीत जातो आणि तिथे आम्ही सगळी चांगली माणसं एकामागून एक दिसलो. शेवटी मी दिसले. सगळा शॉट होता, एक क्षण न कापता. पितळी डबी उघडली.

"वेलदोड्याची पूड घालतायत बघ," पुढची बाई कौतुकानं कुजबुजली.

पडद्यावर मी चमच्यानं सावकाश ढवळलं. समोरच्या म्हाताऱ्याकडे बघितलं. सभागृहात बायकांनी "आऽ" केलं. कुणीतरी नाक ओढलं. माझ्या अंगावर मात्र काटा आला, कारण त्या बाईच्या डोळ्यांत मायेचा लवलेश नव्हता. मी काय केलं होतं ते मला पहिल्यांदा दिसत होतं.

पुढचं दृश्य त्याच दाराचं. दारावर शोकाची नोटीस, आत काळी फीत लावलेला घरमालकाचा फोटो, धूप. बहिणीकडून परतणारा हवालदार क्षणभर थांबतो आणि शेजाऱ्याला काहीतरी विचारतो. शेजारी उत्तर देतो. हवालदार हात जोडून निघून जातो. मी मागे दारात उभी, हातात ताट.

"काय म्हणाले ते?" मी कानाएला विचारलं.

"हवालदार विचारतो, कशानं गेले? शेजारी म्हणतो, वय झालं होतं." कानाए माझ्या कानाशी आली. "काकू, दिग्दर्शकांनी तुम्हाला निरोप दिलाय. म्हणाले, खून झाला आहे. फक्त तपास होणार नाही."

मी पडद्याकडे बघतच राहिले. निर्मात्यानं मान्य केलं, मंडळानं आग्रहानं लांबवून घेतलं, पोलीस समोरून हात जोडून गेले आणि आता शंभर माणसं त्या खुनावर डोळे पुसत होती. शेवटच्या पानात मी जे बोलणार होते, ते सगळं न बोलता घडलं होतं. मला कुणी काही विचारलं नव्हतं.

"कुणाच्या लक्षात आलं का गं?" मी विचारलं.

"अजून तरी नाही. दिग्दर्शक म्हणतात, असा चेहरा त्यांना जन्मात मिळाला नव्हता."

करमरकर तेव्हा हयात नव्हते. असते तर मी तिथूनच त्यांना फोन लावला असता. विषाचा पेला आणला तर लोक दूध म्हणतात, हे मी आयुष्यभर व्यंग समजून बसले होते. ती माझी कमाई होती!

दिवे लागले. हळबे माईक घेऊन व्यासपीठावर चढले. आपल्या समाजाचं इतकं सुंदर दर्शन जपानी पडद्यावर यापूर्वी झालं नव्हतं, म्हणाले. मग ओनोदेरांना बोलावलं. ते उठले, खिशातून रुमाल काढला आणि थोडकंच बोलले. हळब्यांनी भाषांतर केलं, "ओनोदेरासान म्हणतात, मीही एकटा राहणारा म्हातारा घरमालक आहे. तो चहाचा प्रसंग बघून माझ्या मनात बरंच काही आलं. अशी माणसं आपल्या इमारतीत असणं हे भाग्य. हृषीकेश वाटवेंच्या कुटुंबाचा करार ते आनंदानं वाढवून देतायत."

टाळ्या पडल्या. हृषीकेशनं मोठा श्वास सोडला. श्यामली तोंडावर हात घेऊन रडायला लागली, आणि खरं सांगते, माझाही जीव भांड्यात पडला. ज्या घरासाठी माझं पान गेलं, ते घर अखेर माझ्या खुनानंच राखलं.

"आणि त्यांची एक इच्छा आहे," हळबे फुलून आले होते. "काकूंच्या हातचा चहा! काकू, या, या वर!"

टेबलावर चहाचं सामान तयारच होतं. कार्यक्रमानंतर सगळ्यांना चहा द्यायचा होता. मी व्यासपीठावर गेले. समोर मोबाइल उंचावलेले. ओनोदेरा खुर्चीत हात मांडीवर ठेवून, लहान मुलासारखे उत्सुक.

"अगदी सिनेमातल्यासारखा द्या काकू!" हळबे माईकवरून म्हणाले.

"अगदी तसाच?" मी विचारलं.

"अगदी तसाच! तीच माया!"

मी पर्स उघडली आणि पितळी डबी काढली. सभागृहात आनंदाची खसखस पिकली. डबीत वेलदोड्याचीच पूड होती. चिमूट उचलली, कपात सोडली आणि चमच्यानं सावकाश ढवळलं.

"आई, हस की जरा," पहिल्या रांगेतून श्यामली डोळे पुसत कुजबुजली.

शेवटच्या रांगेत कानाएनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. मी ओनोदेरांच्या डोळ्यांत बघत कप पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, हळब्यांचे तर डोळे भरून आले.

मी हसले नाही.